मणक्याचा मध्यम मार्ग

गौतम बुद्धांना पाठदुखी होती. पाली सुत्तांत हे आडपडदा न ठेवता नोंदवले आहे. कपिलवस्तूला शाक्यांनी नवे सभागृह बांधले होते. तिथे रात्री उशिरापर्यंत बोलून झाल्यावर बुद्धांची पाठ दुखू लागते आणि पुढचा उपदेश करायला ते शिष्य आनंदाला सांगतात. मग संघाटीची, म्हणजे बाहेरच्या चीवराची, चौपदरी घडी अंथरून ते उजव्या कुशीवर आडवे होतात. पावा नगरीत मल्लांच्या सभागृहातही असेच घडते, आणि तिथे उपदेशाचे काम सारिपुत्ताकडे जाते. या प्रसंगांत चमत्कार नाही. दुखणे आहे हे मान्य केले, त्याचा बाऊ केला नाही, ते सोसण्यात पुण्य मानले नाही, लागेल तेवढी विश्रांती घेतली आणि काम दुसऱ्याच्या हाती देऊन चालू ठेवले. मणक्याच्या उपचारात खर्च आणि दर्जा यांचा मेळ कसा घालायचा, हा आज हिशेबाचा प्रश्न समजला जातो. माझ्या मते तो मुळात धर्माचा प्रश्न आहे, म्हणजे काय करणे योग्य आणि ते कोणी ठरवायचे याचा. त्याचे उत्तर या वृत्तीच्या आसपास सापडते.

रायपूरमध्ये हा प्रश्न रोज उभा राहतो. छत्तीसगडभरातून पाठ, कंबर आणि मान घेऊन माणसे इथे येतात: रोपणीत दिवसभर वाकलेल्या बाया, मंडईतले हमाल, खाणीतले कामगार, ट्रकचालक, झाडावरून किंवा बांधकामाच्या परांचीवरून पडलेले तरुण. शहरात २०१२ पासून एम्स आहे, लोक ज्याला मेकाहारा म्हणतात ते डॉ. भीमराव आंबेडकर रुग्णालय आहे, डीकेएस रुग्णालय आहे, आणि खासगी रुग्णालयांची मोठी रांग आहे. रुग्णाच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत एमआरआयची फिल्म असते आणि तोंडी कोणीतरी सांगितलेले निदान असते: मणक्यात गॅप आहे, शीर दबली आहे, चकती सरकली आहे. मग एस्टिमेटचा कागद येतो. त्यावर खोली, शस्त्रक्रियागृह, भूल, स्क्रू, रॉड यांचे आकडे असतात. घरचे लोक दबक्या आवाजात विचारतात की थोडे कमी होईल का, आणि कमी केले तर नीट होईल का. या प्रश्नात तराजूचे चित्र दडलेले आहे. एका पारड्यात पैसा, दुसऱ्यात दर्जा. एक उचलले की दुसरे खाली जाणार. गरिबाने थोडा दर्जा सोडायचा, श्रीमंताने थोडा पैसा सोडायचा आणि काटा मध्ये आला की समतोल साधला. मणक्याच्या बाबतीत हे चित्र चुकीचे आहे, आणि त्या चुकीची किंमत गरीब व श्रीमंत दोघेही मोजतात.

पहिला पुरावा त्या फिल्मचाच घेऊ. पाठ अजिबात दुखत नसलेल्या ३,११० माणसांच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या चकत्यांत झीज दिसली, ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या. चकती फुगलेली असण्याचे प्रमाण विशीत ३० टक्के आणि ऐंशीत ८४ टक्के होते. ज्यांना काहीच होत नाही त्यांच्याही फिल्मवर इतके दिसत असेल, तर केवळ फिल्मवरचा डाग दाखवून दुखण्याचे कारण सापडले असे म्हणता येत नाही. केस पांढरे होतात तशी चकती झिजते. म्हणून लक्षणे, तपासणी आणि फिल्म यांची सांगड बसल्याशिवाय निदान होत नाही. रुग्णाच्या बोटांतली ताकद, तळपायाची संवेदना, गुडघ्यावर हातोडीने केलेला ठोका, लघवीवरचा ताबा, या तपासणीला यंत्र लागत नाही. लागतो तो वेळ आणि जाणता हात. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये दीर्घकालीन कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. ज्या दुखण्यामागे दुसरा आजार सापडत नाही, त्यासाठी समजावून सांगणे, व्यायाम, मनाला आधार देणारे उपचार आणि मोजकी वेदनाशामके यांची शिफारस तिने केली. कमरेचा पट्टा, ट्रॅक्शन, अल्ट्रासाउंडचा शेक आणि अफूवर्गीय गोळ्या नेहमीच्या उपचारात नकोत असे सांगितले. आपल्या गावोगावी कंबरदुखी म्हटले की आधी पट्टा आणि मग ट्रॅक्शन येते. म्हणजे ज्यावर पैसा जातो त्यातले बरेच दर्जात भर घालत नाही, आणि ज्याने दर्जा येतो ते बहुतेक वेळा स्वस्त असते.

शस्त्रक्रियेचा पुरावाही याच दिशेने बोट दाखवतो, मात्र अधिक सूक्ष्मपणे. नेदरलँड्समधल्या २८३ तीव्र सायटिकाच्या रुग्णांवरचा अभ्यास २००७ साली आला. सहा ते बारा आठवडे दुखणे अंगावर असलेल्या या रुग्णांपैकी निम्म्यांवर लवकर शस्त्रक्रिया करायचे ठरले, बाकीच्यांनी वाट पाहिली, आणि वाट पाहणाऱ्यांपैकी ३९ टक्क्यांवर पुढे शस्त्रक्रिया करावीच लागली. लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांची कळ लवकर थांबली. वर्ष संपताना मात्र दोन्ही गटांतले ९५ टक्के रुग्ण बरे झाल्याचे सांगत होते. स्वीडनमध्ये मज्जानलिका आक्रसलेल्या २४७ रुग्णांवरचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. नस मोकळी करण्याच्या साध्या शस्त्रक्रियेला स्क्रू-रॉड टाकून मणके सांधण्याची जोड दिल्याने रुग्णांच्या स्थितीत जास्तीचा फायदा दिसला नाही. वेळ, रक्तस्राव आणि रुग्णालयातले दिवस मात्र वाढले. त्याच वर्षी, त्याच नियतकालिकात अमेरिकेतल्या ६६ रुग्णांचा दुसरा अभ्यास आला. त्यांचा मणका थोडा पुढे सरकलेला होता. सांधलेल्यांच्या जीवनमानात किंचित अधिक सुधारणा दिसली आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण कमी निघाले. म्हणून सांधणे नेहमीच वायफळ असते असे कोणी म्हणू नये. इतकेच म्हणता येते की महागडी शस्त्रक्रिया ही वरच्या दर्जाची आणि साधी ही खालच्या दर्जाची, असा उतरंडीचा हिशेब इथे चालत नाही. कोणत्या रुग्णाला काय, हेच इथे सर्व काही आहे.

भारतीय वैद्यकाने या विचाराला फार पूर्वी नाव दिले आहे, आणि ते नाव तत्त्वज्ञानातले आहे. मणक्याच्या क्षयावर विसाव्या शतकाच्या मध्यास हाँगकाँगच्या शल्यविशारदांनी छातीतून किंवा पोटातून थेट मणक्याच्या पुढच्या भागापर्यंत पोहोचून सगळा किडलेला भाग काढण्याची मोठी शस्त्रक्रिया रूढ केली. दुसऱ्या टोकाला जुनी रीत होती: रुग्णाला महिनोन्महिने प्लास्टरच्या पलंगावर निजवून ठेवायचे. बनारस हिंदू विश्वविद्यालयातले डॉ. एस. एम. तुली यांच्यापुढे क्षयाचे असंख्य रुग्ण होते आणि शस्त्रक्रियेची साधने मोजकी. त्यांनी सर्वांना क्षयाची औषधे दिली, नियमाने तपासले आणि शस्त्रक्रिया ठरावीक कारणांसाठी राखून ठेवली: तीन-चार आठवडे औषधे देऊनही पायांत शक्ती परतत नसेल, लुळेपणा वाढत असेल, निदानच शंकास्पद असेल. पाय लुळे पडलेल्यांपैकीही अनेकजण निव्वळ औषधांवर उभे राहिले. १९७५ साली ब्रिटिश नियतकालिकात ही पद्धत त्यांनी 'मध्यम मार्ग' या नावाने मांडली. ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुढाकाराने कोरियात झालेल्या चाचण्यांतून दिसले की प्लास्टर आणि रुग्णालयातला मुक्काम यांनी औषधांच्या गुणात भर पडत नाही. आणि मद्रासमधल्या चाचणीत दहा वर्षांनंतरही घरी राहून औषधे घेतलेल्या, लुळेपणा नसलेल्या रुग्णांचे निकाल मोठी शस्त्रक्रिया केलेल्यांपेक्षा उणे निघाले नाहीत. गरिबीच्या सक्तीतून सुरू झालेली वाट शास्त्राच्या कसोटीवर उतरली.

मध्यम मार्ग ही कल्पना रायपूरला परकी नाही. शहरापासून साधारण ८० किलोमीटरवर महानदीकाठी सिरपूर आहे. दक्षिण कोसलच्या त्या जुन्या राजधानीत विटांच्या बौद्ध विहारांचे अवशेष अजून आहेत. सातव्या शतकात चिनी यात्रेकरू ह्युएन त्संग या प्रदेशात येऊन गेला, आणि माध्यमिक दर्शनाचा आचार्य नागार्जुन इथे राहिला होता अशी परंपरा त्याने नोंदवली. नागार्जुनाचा मध्यम मार्ग दोन टोकांची सरासरी काढत नाही. दोन्ही टोके एकाच चुकीच्या गृहीतावर उभी आहेत हे तो दाखवतो आणि ते गृहीतच काढून घेतो. मणक्याच्या बाबतीत ते गृहीत असे आहे की जास्त उपचार म्हणजे जास्त काळजी. शक्य ते सगळे करा म्हणणारा हेच धरून चालतो, आणि परवडेल तेवढेच करा म्हणणाराही. ते सोडले की आजार स्वतः माप ठरवतो. जिथे शरीर आपले आपण भरून येते तिथे सोबत, व्यायाम आणि धीर द्यायचा. जिथे येत नाही तिथे हात आखडायचा नाही. अर्ध्या खर्चात अर्धी शस्त्रक्रिया असा मध्य इथे नसतोच.

इथे सर्वांत गंभीर आक्षेप येतो, आणि तो धार्मिक परंपरेतूनच येतो. संयमाचा उपदेश गरिबालाच का करायचा? आपल्याकडे प्रारब्धाचा भोग म्हणून दुखणे सोसायला शिकवण्याची सवय जुनी आहे. वाट पाहा हा सल्ला श्रीमंताला शास्त्र म्हणून मिळेल आणि बस्तरच्या मजुराला नाइलाज म्हणून, ही भीती खरी आहे. याचे उत्तर तुलींच्या पद्धतीतच आहे. त्यांच्या मध्यम मार्गात शस्त्रक्रियेचे दार उघडे होते, आणि ते कधी ओलांडायचे याच्या खुणा आधीच ठरलेल्या होत्या. दार उघडे असेल तर वाट पाहणे हा उपचार आहे. बंद असेल तर ती हेळसांड आहे. बुद्धांनी भोगविलासाइतकेच आत्मक्लेशालाही नाकारले, हे विसरून मध्यम मार्गाचे नाव घेता येत नाही. मोठी चकती सरकून खालच्या नसांचा जुडगा दबला, लघवी अडली, मांड्यांमधला भाग बधिर झाला, तर पहिल्या एक-दोन दिवसांत नस मोकळी झाली पाहिजे. तिथे पैशाची जुळवाजुळव करण्यात गेलेला आठवडा जन्मभराचे अपंगत्व देऊन जातो. उंचावरून पडून मणका मोडलेल्याला बैलगाडीत किंवा जीपच्या मागच्या बाकावर दुमडून आणले, तर वाचलेला मज्जारज्जू वाटेतच जायबंदी होऊ शकतो. पुढे बेडसोअर आणि लघवीच्या मार्गाचा जंतुसंसर्ग यांची निगा राखायला कोणी नसेल, तर उत्तम शस्त्रक्रियाही वाया जाते. छत्तीसगडच्या काही जिल्ह्यांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे. लिटरमागे दीड मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडलेले पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले की मणका ताठरतो आणि काहींचा मज्जारज्जूही दाबला जातो. तिथे मणक्याचा सर्वांत उत्तम आणि सर्वांत स्वस्त उपचार हातपंपापाशी सुरू होतो. स्ट्रेचर, शुद्ध पाणी आणि घरी येणारी परिचारिका हे सगळे दर्जाचेच घटक आहेत, फक्त एस्टिमेटच्या कागदावर ते कुठेच दिसत नाहीत.

मग खर्चाचे काय? तो विसरायचा का? मुळीच नाही. खर्च मोजलाच पाहिजे, पण रुग्णाच्या बाजूने. सल्ला देणाऱ्याच्या बाजूने नाही. चरकसंहितेत शुद्ध चिकित्सेची कसोटी सांगितली आहे: एक रोग शमवताना दुसरा उत्पन्न करणारा प्रयोग शुद्ध नव्हे. कर्ज हा असा दुसरा रोग आहे. पाठ सरळ झाली आणि शेत गहाण पडले, मुलीचे शिक्षण सुटले, तर चरकाच्या कसोटीवर तो उपचार शुद्ध ठरत नाही. पण हीच कसोटी उलट्या बाजूनेही लावावी लागते. नेदरलँड्सच्या अभ्यासात वर्षाअखेर दोन्ही गट सारखे झाले, हे पेन्शनर माणसाला दिलासा देणारे आहे. रोजंदारीवरच्या हमालाचे काय? त्याला चार महिने कळ सोसत घरी बसणे म्हणजे चार महिन्यांची उपासमार. त्याच्यासाठी लवकरची छोटी शस्त्रक्रिया हाच कमी खर्चाचा आणि चांगल्या दर्जाचा मार्ग असू शकतो. आकडे तेच, माणूस वेगळा, म्हणून योग्य उत्तर वेगळे. भगवद्गीतेने दानासाठी देश, काल आणि पात्र पाहायला सांगितले. सल्ल्यालाही हेच लागू पडते. रुग्णाचे काम काय, घरात कमावते किती, भीती कशाची, हे न विचारता दिलेला सल्ला शास्त्रशुद्ध असूनही अपुरा राहतो.

रुग्णालय चालवणारे म्हणतील, हे बोलायला सोपे आहे. सूक्ष्मदर्शक, मज्जारज्जूचे संदेश तपासणारे यंत्र, निर्जंतुक शस्त्रक्रियागृह, शिकलेला भूलतज्ज्ञ, हे सगळे पैशानेच येते. हा आक्षेप खरा आहे आणि चरकाने त्याला जागा ठेवली आहे. माणसाच्या तीन एषणा, म्हणजे मूळ इच्छा, सांगताना त्याने प्राणाची पहिली, धनाची दुसरी आणि परलोकाची तिसरी ठेवली. धन कमावणे पाप नाही, साधनाविना दीर्घायुष्य ही विपदा आहे, हे तो जाणतो. फक्त क्रम तो बदलू देत नाही. दुसऱ्याच्या प्राणापुढे आपले धन आले की तो क्रम उलटा होतो. आणि कमी पैशांत चांगले काम होऊच शकत नाही, हा दावा छत्तीसगडने खोटा पाडला आहे. दल्ली राजहराच्या लोहखाणीतल्या मजुरांनी कामगार नेते शंकर गुहा नियोगी यांच्या संघटनेच्या बळावर स्वतःच्या वर्गणीतून आणि श्रमातून शहीद हॉस्पिटल उभारले. १९७७ च्या पोलीस गोळीबारात मारल्या गेलेल्या साथींच्या नावाने ते ३ जून १९८३ रोजी सुरू झाले. गरजेविना इंजेक्शन आणि सलाइन नको, हे तिथल्या डॉक्टरांनी मजुरांना शिकवले. अनावश्यक गोष्टी काढून टाकल्यावर आवश्यक गोष्टींसाठी पैसा उरतो, हा त्या प्रयोगाचा साधा धडा आहे. मोठे यंत्र विकत घेतले म्हणून ते चालवण्यासाठी रुग्ण शोधायचे, हा उलटा क्रम तिथे नव्हता.

दुसरे लोक म्हणतील की सगळे फुकट करा, प्रश्न मिटेल. आयुष्मान भारत योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे, आणि गरिबाला मोठ्या रुग्णालयाची पायरी चढता आली हे तिचे मोल कोणी नाकारू नये. तरी छत्तीसगडमधल्या घरोघरच्या पाहणीवर आधारलेला एक अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला, त्यात योजनेत नाव असल्याने खिशातून होणारा खर्च घटल्याचे आढळले नाही. त्याहून खोल अडचण रचनेत आहे. विमा दाखल होण्याचे आणि प्रक्रियेचे पैसे देतो. बाह्यरुग्ण विभागात अर्धा तास बसून समजावण्याचे, तीन महिने व्यायाम करून घेण्याचे देत नाही. २०१२ साली याच राज्यात, आधीच्या तीस हजारांच्या विमा योजनेखाली, गरज नसताना गर्भाशये काढल्याच्या तक्रारी उघडकीस आल्या आणि सरकारला डॉक्टरांवर कारवाई करावी लागली. बीडच्या ऊसतोड मजूर स्त्रियांची अशीच व्यथा २०१९ साली महाराष्ट्राने पाहिली. विनयपिटकात याच्याशी जुळणारी हकिकत आहे. मगधात पाच रोगांची साथ होती. जीवक वैद्य राजाची आणि भिक्षुसंघाची सेवा करीत असे, इतरांसाठी त्याला सवड नव्हती. मग लोक उपचारासाठी प्रव्रज्या घेऊन भिक्षू होऊ लागले आणि बरे झाल्यावर चीवर टाकून घरी जाऊ लागले. जीवकाच्या विनंतीवरून बुद्धांनी त्या रोग्यांना प्रव्रज्या देणे थांबवले. औषधाकडे जाणारे एकच दार ठेवले की ज्याला औषध हवे त्याला चीवर घ्यावे लागते. आज ज्याला व्यायाम हवा त्याला शस्त्रक्रिया घ्यावी लागते. बुद्धांच्या नियमाने संघ वाचला, पण रोगी दाराबाहेरच राहिले. ते काम राज्याचे होते, आणि अशोकाने आपल्या दुसऱ्या शिलालेखात माणसांच्या आणि जनावरांच्या चिकित्सेची जबाबदारी घेतल्याचे कोरून ठेवले. म्हणून योजना रद्द करणे हा उपाय नाही. तिला दुसरे दार काढणे हा उपाय आहे. शस्त्रक्रिया न करता बरे केल्याचेही पैसे रुग्णालयाला मिळाले पाहिजेत.

शेवटचा आक्षेप सर्वांत फसवा आहे. रुग्ण बरा झाला, चालू लागला. मग शस्त्रक्रिया थोडी अनावश्यक असली तर बिघडले काय? या प्रश्नाला लोकमान्य टिळकांनी गीतारहस्यात उत्तर दिले आहे, आणि तो ग्रंथ रायपूरच्या माधवराव सप्रे यांनी हिंदीत नेला, हा या शहराच्या मराठी वस्तीचा अभिमानाचा ठेवा आहे. पुष्कळांचे पुष्कळ सुख या तत्त्वाची तपासणी करताना टिळक अमेरिकेतल्या एका शहराचा दाखला देतात. ट्रामवेची परवानगी रखडली, म्हणून व्यवस्थापकाने अधिकाऱ्यांना लाच दिली. ट्राम लवकर सुरू झाली आणि सगळ्या शहराची सोय झाली. तरी खटला उभा राहिला आणि व्यवस्थापक दोषी ठरला. बाहेरचे फळ चांगले म्हणून कृत्य चांगले ठरत नाही, करणाऱ्याची बुद्धी पाहावी लागते, हा टिळकांचा मुद्दा आहे. मणक्यात तर फळाचाही पुरावा कच्चा असतो, कारण शस्त्रक्रिया न करताही तो रुग्ण वर्षभरात बहुधा बरा झाला असता. आणि बुद्धीची पारख कोणी करायची? शल्यविशारदाच्या मनात शिरता येत नाही, आणि बहुतेक डॉक्टर प्रामाणिक असतात. म्हणूनच व्यवस्था अशी हवी की प्रामाणिक माणसाला मोहाशी झुंजावेच लागू नये. ज्याला शस्त्रक्रियेतून मिळकत आहे त्याच्या एकट्याच्या शब्दावर ती ठरू नये. ज्याला त्यातून काहीच मिळणार नाही, अशा दुसऱ्या जाणत्याने रुग्णाला तपासून आपले मत द्यावे. तातडीची लक्षणे मात्र याला अपवाद. तिथे दुसरे मत मागणे म्हणजे वेळ घालवणे.

यातून निघणारा निर्णय स्पष्ट आहे. मणक्याच्या उपचारात खर्च आणि दर्जा एकमेकांचे वैरी नाहीत. दोघांचा वैरी एकच: गरज न तपासता केलेली कृती, मग ती जास्त असो की कमी. रुग्णाने फिल्म दाखवण्याआधी आपली तपासणी मागावी, आणि वाट पाहिली तर काय होईल, कोणत्या खुणा दिसल्या तर धावत यायचे, हे विचारून लिहून घ्यावे. डॉक्टरने शस्त्रक्रियेइतकाच नकारालाही वेळ द्यावा. सरकारने फिजिओथेरपी आणि दुसरे मत यांना योजनेत जागा द्यावी आणि जिल्हा रुग्णालयापर्यंत मणका न हलवता नेणारी रुग्णवाहिका पोहोचवावी. आणि रायपूरच्या महाराष्ट्र मंडळापासून गावोगावच्या देवस्थानांपर्यंत ज्यांच्या हाती दानाचा पैसा आहे, त्यांना एक विनंती. आणखी एका खाटेवर नाव कोरण्याऐवजी एक फिजिओथेरपिस्ट वर्षभर पोसावा, आणि लुळ्या झालेल्या माणसाच्या घरी आठवड्यातून एकदा जाणारी परिचारिका नेमावी. या दानावर पाटी लागत नाही, पण देश, काल आणि पात्र या तिन्ही कसोट्यांवर ते उतरते.